पांढऱ्या ब्लाऊजचा शेवटचा हूक

बाबा, हे डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं पडलंय. तुम्ही पाहिलं असतं तर एकच शब्द म्हणाला असता, "उसव." उन्हाळ्यात मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय महिन्याभरात सावरला, हात काही सावरला नाही. बोटं आहेत पाचही, पण कापड चिमटीत धरायचं म्हटलं की ऐकत नाहीत. शिंपिणीचा उजवा हात गेला म्हणजे तिचं काय उरलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आर्वीचं ते दुकान रोज आठवतं. दसरा जवळ आला की अर्ध्या वस्तीचे पांढरे शर्ट तुमच्याकडे. धम्मदीक्षेच्या सोहळ्याला नागपूरला जायचं, तर माणूस पांढऱ्यात पाहिजे. पांढऱ्यावर चूक लपत नाही म्हणून तुम्ही मला आधी पांढऱ्यावरच बसवलं. चौदा वर्षांची मी, काज करते आहे, घाईत दोरा दाताने तोडते आहे. तुम्ही मान वर न करता म्हणता, "कात्री काऊन ठेवली मंग? उंदीर हायेस का तू?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी रडले, त्या दिवशी जेवले नाही, आणि तुम्हीही समजूत काढली नाही. पण लग्न होऊन नालवाडीला आले तेव्हा तुमची ती जड कात्री माझ्या पेटीत निघाली, जुन्या धोतरात गुंडाळलेली. मग मी परत रडले.

झटक्यानंतर सगळे फार चांगले वागले हो. त्याचाच मला राग यायचा. सून म्हणे बसा, नवरा म्हणे झोप, दवाखान्यातली पोरगी म्हणे हात उचला, चेंडू दाबा. मी उचलला, दाबला, दोन महिन्यांनी तोही सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी मीच म्हटलं, मशीन देऊन टाका. केळझरची एक नातलग रविवारी येऊन नेणार होती. मशीनवर मी जुना पडदा टाकून ठेवला, दिसायलाच नको म्हणून.

आणि शनिवारी ती आली. तिच्याबद्दल तुम्हाला सांगायला हवं. मागच्या गल्लीतली मावशी, माझी सगळ्यात खवट गिऱ्हाईक. वीस वर्षांत तिने एक ब्लाऊज धड म्हणून नेला नाही. बाही तंग, गळा मोठा, खांदा उतरला. घरात आम्ही तिला उसवबाई म्हणायचो. दवाखान्यात सगळी गल्ली येऊन गेली, ही आली नाही. आली ती पांढरं कापड घेऊन, आणि पहिलं मशीनकडेच पाहिलं.

"पडदा काऊन टाकला वं? मले दसऱ्याले नागपूरले जाचं हाये. हा शिवजो."

मी म्हटलं, मावशी, माझा हात पाहा ना. कोणाकडूनही शिवून घ्या.

"पाह्यला. दुसरा हाय ना? आन् मी काय आजच मांगून राह्यली? शिवजो म्हटलं."

कापड खाटेवर टाकून गेली. चहालाही थांबली नाही. शिव नाही, शिवजो. चार महिन्यांत मला सगळ्यांनी आत्ताचं सांगितलं होतं, ऊठ, बस, खा, झोप. पुढचं काही कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही जेवायला जाताना म्हणायचे ना, "तेवढे काज करजो." आत्ता नाही, पण होईलच, असं धरून चालायचे. संध्याकाळी मीच केळझरला फोन लावायला सांगितला, की येऊ नका.

तुमची कात्री उजव्या हाताची. डाव्यात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात, कापड चावतात. एक अख्खी चादर मी वाया घालवली. मग कळलं की अंगठा बाहेर ढकलायचा नाही, आत तळव्याकडे ओढायचा. उजवा हात कापडावर वजनासारखा ठेवते आणि डाव्याने सरकवते. पाय मात्र मशीनवर अजून तुमचाच ताल धरतो. बोटात सुई किती वेळा घुसली विचारू नका, पांढऱ्यावर रक्त पडायला नको एवढीच धास्ती. एका ब्लाऊजला बावीस दिवस लागले. मावशीने घालून पाहिला आणि म्हणाली, डावा खांदा वर गेला, उसव. बाबा, इतकं बरं वाटलं मला. किती दिवसांनी कोणी माझ्या कामाला नावं ठेवली. मी उसवला आणि परत शिवला. आता तिच्या सुनेचं कापड आलंय, आणि चेंडूही दाबते मी, रोज शंभरदा.

हे पत्र मशीनच्या खणात ठेवते, बॉबिनच्या डबीखाली. दुसरं कुठे पाठवणार? एक सांगायचं राहिलं. शेवटचा हूक लावून झाला तेव्हा दोरा मी दाताने तोडला. कात्री हाताशीच होती. तोडून मग जरा वेळ थांबले, तुम्ही काही म्हणता का म्हणून.