आखूड पुंगळ्या

बाबा, दुपारपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावरच गार झाला. कारण विचाराल तर एक फोन. इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ, माझ्याहून बरेच लहान, नुसते तोंडओळखीचे. त्यांची मुलगी लग्न मोडून घरी आली आहे. मीही एकेकाळी तशीच आले होते, हे त्यांना कुठूनतरी कळलेलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, तेव्हा तुमच्या बाबांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, "काही नाही. ते गॅरेजमध्ये काडतुसाच्या पुंगळ्या कापत होते." बाईचं डोकं फिरलंय असंच वाटलं असणार बिचाऱ्याला. फोन ठेवला आणि मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांनी, अगदी ताजा.

चँडलरचं, अमेरिकेतल्या त्या वाळवंटी गावातलं आपलं घर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. तिथल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने तुम्हाला नेमबाजीच्या रेंजवर नेलं, आणि आमच्या घरात, जिथे ढेकूण मारायलाही आई शेजारणीला बोलवायची, तिथे रिव्हॉल्व्हर आलं. नेम तुमचा यथातथाच. तुमचा जीव गुंतला तो नंतरच्या उद्योगात. उडवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, साच्यातून काढायच्या, कापून एका उंचीच्या करायच्या आणि मग दारू आणि गोळी घालून परत भरायच्या. तो सहकारी तुम्हाला हसायचा. रिव्हॉल्व्हरच्या सरळ पुंगळ्या उडवल्यावर फारशा लांबत नाहीत, त्या कापत कोण बसतं, असं त्याचं म्हणणं. तुम्ही म्हणायचात, "सगळ्या सारख्या असल्या की काठ गोळीवर सारखा वळतो." बस. ते वाक्य तुम्ही आईला, मला, एकदा तर दारात आलेल्या विमा एजंटलाही ऐकवलं होतं.

मी शुगर लँडहून, नवऱ्याच्या घरून, आले ती एकच बॅग घेऊन. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याने हात उचलला नव्हता, दारू तो पीत नव्हता, त्यामुळे सांगायचं तरी काय हाच प्रश्न. काही मनाविरुद्ध झालं की तो बोलणं बंद करायचा आणि सकाळी दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या घेऊन ऑफिसला जायचा. त्या दमट उन्हात, जिथे दुधाची बाटली आणायलाही गाडी लागते, मी आठवडेच्या आठवडे खिडकीशी बसून काढले. आईला हे सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "अगं, गाडीच्या किल्लीवरून कोणी संसार मोडतं का?" मग तिला रडू आलं आणि तव्यावरची पोळी करपली. तुम्ही ताटावरून उठलात, हात धुतलेत आणि मला म्हणालात, "गॅरेजमध्ये कूलर लावलाय. ये."

मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही माझ्या हातात ट्रिमरचा दांडा दिलात. छोटंसं लेथच ते. पुंगळी एका टोकाला आवळायची, दांडा फिरवायचा, की कटर तिच्या तोंडावरचा जास्तीचा काठ खरवडून काढतो आणि पितळेचा भुसा पडतो. मी रागाने फिरवत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. "बळ नको लावू. कटरला त्याचं काम करू दे. लांब राहिली तर परत कापता येते, आखूड झाली की संपलं." लहानपणीही तुम्ही मला इतकं कडक कधी बोलला नव्हतात. मग एक तडकलेली पुंगळी निघाली, तोंडाशी बारीकशी चीर. तुम्ही पक्कड घेऊन ती चेपून टाकलीत आणि म्हणालात, "हिला अशी चेपावीच लागते, नाहीतर चुकून परत भरली जाते." मी भडकले. "माझ्याबद्दल बोलताय का?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिलात, खरोखर गोंधळून. "मी पुंगळीबद्दल बोलतोय," म्हणालात. तुम्ही खरंच पुंगळीबद्दलच बोलत होतात, हेच तर दुखणं होतं.

अशा दुपारी किती गेल्या, मोजल्या नाहीत. मी मात्र रोज वाट पाहायची, आज तुम्ही म्हणाल, जा किंवा राहा. आणि मग नवरा आला, ह्यूस्टनच्या त्याच्या ओळखीच्या एका काका-काकूंना मध्यस्थीला घेऊन. आईने पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं, जणू दाखवायचाच कार्यक्रम होता. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आहे, गॅरेजचं दार माझ्या पाठीशी आहे, आणि त्या दारामागून ट्रिमरची घरघर येते आहे. काका म्हणतात, "अगं, ही इज रिअली अ गुड बॉय. थोडं अ‍ॅडजस्ट करायला लागतं दोघांनी." काकू माझ्या पाठीवरून हात फिरवतात. तो घड्याळ बघतो आणि हळूच म्हणतो, "चल ना यार, सीन नको. लीव्ह टाकून आलोय मी." आई दारापाशी जाऊन हाक मारते, "अहो, पाहुणे आलेत, या ना!" आतून तुमचा आवाज, "आलो, एवढं संपवून." घरघर सुरूच. सगळे त्या दाराकडे बघतायत आणि मी सगळ्यांपेक्षा जास्त. तुम्ही आला नाहीत. मग मीच म्हटलं, "मी येणार नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. काकांनी आणखी थोडं समजावलं, आई रडली, आणि ऊन उतरायच्या आत ते निघून गेले.

मी तुमच्याशी भांडायलाच गॅरेजमध्ये आले. तुम्ही स्टुलावर पाठमोरे बसला होतात. समोर कापलेल्या पुंगळ्यांचा ट्रे. एक उचलली आणि मला हातालाच कळलं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या आखूड, आणि एकीसारखी दुसरी नाही. थोड्या थोड्या वेळाने कॅलिपर लावून पाहिल्याशिवाय पुढे न जाणारे तुम्ही, आणि त्या दुपारी तुम्ही एकदाही मोजलं नव्हतं. तुम्ही पक्कड घेतलीत आणि एकेक चेपायला लागलात. "कटर अडवायच्या स्टॉपचा स्क्रू ढिला होता," एवढंच म्हणालात. मी शेजारचं स्टूल ओढलं आणि दुसऱ्या पकडीने मदत केली. भांडण राहूनच गेलं.

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझी स्वतःची गाडी होती, नोकरी होती, आणि आई लोकांना अभिमानाने सांगायची, "आमची मुलगी स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली." मी मात्र मनातल्या मनात वर्षानुवर्षं तुम्हाला भेकड म्हणत आले. बाप होतात ना? दार उघडून बाहेर यायला काय झालं होतं? त्या दाराआड तुम्ही प्रत्येक शब्द ऐकत होतात, हे त्या ट्रेवरून कळतं. पण जे बोलायचं ते मला बोलू द्यावं म्हणून आत बसलात, की तुमचंच धैर्य झालं नाही, ते कळत नाही. कधी वाटतं दोन्ही. आज तर घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर माझं मत बदलतं.

हे कुठे पाठवायचं नाही, कोणी वाचणारही नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवसाबद्दल मी सगळ्यांना सांगत आले की माझं आधीच पक्कं ठरलं होतं. नव्हतं ठरलं, बाबा. त्या सकाळी मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. तुम्ही दारात येऊन नुसतं "जा" म्हणाला असतात, तर मी गेले असते.