पेंढ्यात निजलेला भात

आई, गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत तुझा भात शिजला. दोनदा करावा लागला, पण शिजला.

सहावीला ऊर्जा बचत शिकवायची होती. पहिल्या दिवशी मी दरवर्षीचंच केलं. फळ्यावर बल्ब काढला, पंखे बंद करा असं लिहिलं आणि घोषवाक्यं करायला सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरी कांद्याची शेती, बोलायला कुणाला न भिणारी. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं निम्मा दिवस लाईटच नसती. वाचवायची काय?" वर्ग हसला, मीही हसले. कळंबला घरी येईपर्यंत एसटीत तिचा प्रश्न डोक्यात घोळत होता. घरी कुकर लावला, तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला, तरी आत भात शिजतच असणार असं मनात आलं, आणि एकदम तू आठवलीस.

तू चुलीवर भाताला खळखळून उकळी आणतेस. पातेलं तसंच उचलून पेंढ्याच्या टोपलीत बसवतेस, वरून आणखी पेंढा, त्यावर गोणपाट दाबतेस, आणि विळा घेऊन खाचराकडे निघतेस. भात निजलाय, त्याला उठवू नको, एवढंच मला बजावतेस. मी सात-आठ वर्षांची. निजलेला भात कसा दिसतो ते मला बघायचंच होतं. तू बांधापलीकडे गेलीस आणि मी झाकण काढलं, एकदा नाही, चांगलं तीनदा. दुपारी भात कच्चा निघाला. तू मारलं नाहीस. शांतपणे म्हणालीस, "झाकान उघडून तू माजा जाळ सोडून दिला. त्यो जाळ म्या डोंगरावरनं डोक्यावर आनलाय, तू न्हाई." दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन गेलीस. माझ्या डोक्यावरची मोळी एवढीशीच होती, पण उतरणीला मान अवघडून गेली. त्यानंतर मी त्या टोपलीला कधी हात लावला नाही.

तसाच भात शाळेत करू का, असं मुख्याध्यापकांना विचारलं तर ते घाबरले. सगळ्या शाळेच्या जेवणाशी खेळ नको म्हणाले, म्हणून एका वर्गापुरतं एकच पातेलं ठरलं. पेंढा मिळेना. इकडे सगळा ऊस आणि कांदा. शेवटी गावाकडून पोतं भरून मागवलं. एसटीच्या कंडक्टरनं पोत्यात काय आहे ते दोनदा विचारलं आणि पेंढा ऐकून दोन्ही वेळा हसला. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या. गॅस असताना ही भानगड कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

भाताच्या पहिल्या दिवशी फजिती झाली. गणिताच्या तासाला जो तो पाणी प्यायला जाऊ लागला. इतकी तहान मी त्या वर्गात कधी पाहिली नव्हती. सगळे जाऊन झाकण उघडून येत होते. भात मधे कच्चट राहिला. मावशी पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "एवढ्यांनी उठवल्यावर निजंल कसा त्यो?" मी चमकले. तो शब्द मी त्यांना सांगितलाच नव्हता. त्यांच्या माहेरीही पेंढ्यातच भात ठेवायचे, असं मग निघालं. लई वर्षांनी बघितलं म्हणाल्या, आणि उकळी कमी पडली, पेंढा सैल भरला, हेही लगेच दाखवून दिलं.

त्या दुपारी मी मुलांना तुझं बोलणं सांगितलं, तुझ्याच भाषेत. दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावरची मुलगी स्वतःहून टोपलीशेजारी वही-पुस्तक घेऊन बसली आणि मलासुद्धा जवळ येऊ देईना. पेंढा मावशींनी भरला. जेवणाच्या सुट्टीत झाकण काढलं तर वाफेनं माझा चष्मा धुरकटला. शीत न् शीत मोकळं. खळखळून उकळी येताच गॅस बंद केला होता, हे प्रत्येकाने बघितलं होतं. आता चार-पाच घरांत टोपल्या भरल्या जातायत. एकीच्या आजीनं गव्हाचा भुसा वापरून पाहिला, तोही चालला. घोषवाक्यं मात्र कुणीच लिहिली नाहीत.

काल शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले, तेव्हा टोपली पुन्हा भरली होती. भात खाऊन खूश झाले आणि हे कुणाचं डोकं म्हणून विचारलं. त्याच मुलीनं सांगितलं, मॅडमच्या गावातल्या एक बाई करायच्या. कारण मी वर्गात तसंच सांगितलं होतं, गावातल्या एक बाई; मोळी वाहणारी माझी आई म्हणायला लाजले होते. केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोण होत्या?"

आई, मी म्हणाले, "होत्या एक."

हे पत्र माझ्या धड्यांच्या टाचणाच्या वहीतच राहणार, तू गेल्यावर आता ते तुला कुठे टाकू? उत्तर चुकलं की मी मुलांना ते पुन्हा लिहायला लावते. सोमवारी पहिल्या तासाला मला माझं उत्तर दुरुस्त करायचंय, आणि खरं सांगते, त्याची मला थोडी भीती वाटतेय.