उसाच्या गाडीआडून

मंगळवार, संध्याकाळ

फाट्यावर आज पायी आणि सायकलवाल्यांसाठी नवा सिग्नल सुरू झाला. सुनंदा आणि मी सायकली धरून उभ्या. हिरवा दिवा लागला, ट्रक थांबले, तरी माझा पाय उचलेना. शाळेत असताना आम्ही दोघी इथेच उसाच्या बैलगाडीची वाट बघायचो. गाडीवान म्हणायचा, "धरा मन्ही गाडी." मग गाडीच्या लाकडावर हात ठेवून तिच्या आडोशाने रस्ता ओलांडायचो. ट्रकवाले बैलांसाठी थांबायचे, आम्हा पोरींसाठी कुठले थांबायला.

"चाल ना, कोनी वाट दखी ऱ्हायनी?" सुनंदा म्हणाली.

आता कुणाची वाट बघायची? मी सायकल पुढे ढकलली. सिग्नल चांगलाच आहे, नातीला आता सायकलवर एकटीला पाठवता येईल. पण अर्ध्या रस्त्यात कळलं, माझा डावा हात हवेतच लाकूड शोधतोय. ओशाळून सुनंदाकडे पाहिलं, तर तिचाही.