खाऱ्या पाण्याची टाकी कोणी सांभाळावी

मी, खाली सही करणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी दातांच्या कवळ्या बनवणे, सध्या काही नाही, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणि आणून उपयोग झाला नसता हे मला ओळखणारे सांगतील. डोके ठणठणीत आहे, हृदय नाही. डॉक्टरांनी ते आडवळणाने सांगितले, मी सरळ समजून घेतले. मसुदा करून देते असे वकीलबाई म्हणाल्या होत्या, पण माझी माणसे वाचतील तेव्हा त्यांना माझा आवाज ऐकू आला पाहिजे. म्हणून मजकूर माझा, दुरुस्त्या त्यांच्या.

कलम १. राहते घर, म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचा ओटा, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला, मालकी हक्काने द्यावे. ती परगावी नर्स आहे. तिने इथे येऊन राहावे असा आग्रह नाही. विकले तरी चालेल, फक्त वरच्या मजल्यावरच्या बाईला विकू नये. या बाईने रंगकामासाठी माझी शिडी नेली ती परत केली नाही, वर "तुम्ही आता कुठं चढताय शिडीवर!" असे मला ऐकवले. शिडी तिच्याकडेच राहू द्यावी. पण ती माझी आहे हे कोणीतरी तिला तोंडावर सांगावे, चार माणसांत सांगितले तर उत्तमच.

कलम २. बँकेतली शिल्लक, माझ्यामागचा खर्च वजा जाता, भाचीलाच.

कलम ३. मेण कापायच्या सुऱ्या, बारीक आऱ्या, कानशी व माझे उंच स्टूल कामावरच्या माझ्या जोडीदाराला. त्याला आम्ही सगळे अक्कलदाढ म्हणायचो, कारण तो यायचा उशिरा आणि आला की छळायचा. एका टेबलावर आम्ही उभी हयात काढली आणि एकदाही एकमेकांच्या कामाला बरे म्हटले नाही. त्याचे काम चांगले होते. लांब चिमटा मात्र त्याला देऊ नये, तो टाकीबरोबर जाईल.

कलम ४. पुढच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी. हिच्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल. घर काय, कोणीही सांभाळते.

कामावरून निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून मी ती मांडली. टाकी लहान आहे, टेबलावर मावते. तळाला वाळू, वाळूवर एक भोकाभोकांचा दगड, पाणी फिरवायला छोटा पंप, वर दिवा. मीठ पाळीव माशांच्या दुकानातून आणायचे; स्वयंपाकघरातले मीठ घालून समुद्र होत नाही. ते बादलीत आदल्या दिवशी विरघळवून ठेवायचे. टाकी भरल्यावर काही आठवडे नुसती वाट बघायची, मासा आणायला धावायचे नाही. मग शेवाळ लावायचे. लोक मासे पाळतात आणि शेवाळ खरवडून टाकतात, माझ्याकडे शेवाळ हेच पीक आहे. एक हिरवे, कंगव्यातल्या गुंतवळीसारखे. एक बारीक घोसांचे, वाळूवर पसरत जाणारे. एक लाल, फांद्याफांद्यांचे, ते माझे लाडके. सोबत बोटाएवढा एक मासा आणि काही गोगलगायी. त्यांनी घाण करायची, शेवाळाने ती खाऊन वाढायचे, वाढलेले मी कापायचे. घोसांचे शेवाळ वेळेवर कापले नाही तर ते एके दिवशी पांढरे पडते, पाणी दुधाळ होते आणि बाकीच्यांचेही मरण ओढवते. कापलेले नाल्यात टाकू नये, ते नको तिथे रुजते. उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात टाकावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून रोज जेवढे पाणी कमी होईल तेवढे शुद्ध केलेले गोडे पाणी घालायचे. खारे घालायचे नाही, नळाचे घालायचे नाही. साबण तर त्या टेबलाच्या आसपासही आणायचा नाही.

साबणाचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. मी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा घराची किल्ली धाकटीकडे होती. तिला स्वच्छतेचा भारी सोस. टाकीत 'साठलेली घाण' बघून तिने सगळे शेवाळ उपटले, दगड खसाखसा घासला, काचा साबणाने धुतल्या, नळाचे पाणी भरले आणि मधोमध प्लास्टिकचे गुलाबी झाड लावले. मी घरी आले तर ही दारातच उभी. "ताई, डोळे मिट. हं, आता उघड! कशी लख्ख केलीय बघ!" मासा तिने जपून वाटीत ठेवला होता, गोड्या पाण्यात.

मी काय बोलले ते लिहीत नाही, वकीलबाई खोडतील. धाकटी म्हणाली, "शेवाळासाठी कुणी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकतं का गं?" मी टाकले. ती दोन गल्ल्या सोडून राहते. भाजीच्या दुकानात समोरासमोर आलो तर ती भाव विचारू लागते आणि मी चष्मा पुसू लागते. टाकी मी पुन्हा उभी केली. माझे कापलेले शेवाळ माशांचा दुकानदार आधी घेऊन जायचा, त्याच्याकडून मूठभर परत आणले, मासाही नवा आणला.

आता ही टाकी कोणाला द्यावी? दुकानदार तिचे तुकडे करून विकेल, त्याचा तो धंदाच आहे. अक्कलदाढ माशाला मायेने इतके खाऊ घालील की आठवड्यात पाणी नासेल. भाचीच्या पाळ्या बदलतात आणि घरेही. उरली धाकटी. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तेव्हा या टाकीला साबण लावणार नाही अशी खात्रीची व्यक्ती जगात ती एकच आहे. आणि मला तिची फार आठवण येते. हे कायदेशीर कारण नाही, तरी नोंदवून ठेवते. सबब, माझ्यामागे टाकी, दिवा, पंप व लांब चिमटा धाकट्या बहिणीला द्यावा.

कलम ५. कलम ४ रद्द. कारण असे: वकीलबाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "हे चालायचं नाही."

"का? स्पष्ट तर लिहिलंय."

"अहो, तुम्ही गेल्यावर कपाट उघडायचं, कागद सापडायचा, भाची परगावाहून यायची, मग वाचायचं. तोवर त्या पाण्याचं काय?"

रोजच्या रोज पाणी मागणाऱ्या जिवंत गोष्टीची व्यवस्था मी मेल्यावर उघडायच्या कागदात करत होते. खरे सांगायचे तर मला तेच सोयीचे होते. टाकी तिला मिळाली असती आणि मला समोर असावे लागले नसते.

मी फोन केला.

"कोण?"

"मी."

"कोण मी?" ओळखले होते तिने.

"ताई."

"काय गं, बरी आहेस ना?"

"नाही. ये."

ती आली ती उंबऱ्यावरच थांबली. "मी त्याला हात लावणार नाही हं."

"हात लावायलाच बोलावलंय."

ती मोरीत गेली, बराच वेळ पाण्याचा आवाज आला. बाह्या वर सारून बाहेर आली आणि दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "साबण नाही लावला. वास घेऊन बघ हवं तर." मी वास घेतला. मग चिमटा तिच्या हातात दिला.

"यातलं काय काढायचं?"

"काही नाही. आज नुसतं बघायचं."

काही न काढता बसणे तिला किती जड गेले ते दिसत होते, पण बसली. हृदयाचे सांगितले तेव्हा रडायला लागली. मी म्हटले, "टाकीवर नको रडू, मीठ बेताचं आहे." तर रडता रडता हसली. तेव्हापासून ती रोज येऊन शिकते आहे. परवा टाकी तिच्या घरी हलवली: पाणी कॅनमध्ये, शेवाळ आणि मासा झाकणाच्या बादलीत, दगड ओल्या फडक्यात. मी संध्याकाळी जाते आणि खुर्चीत बसून चुका काढते. टाकी आता माझी नाही, म्हणून ती या कागदातही नाही.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असता कामा नये असे वकीलबाई म्हणाल्या. एक मिळाला, दुसरा मिळेना. धाकटी तिथेच होती.

"मला काय ठेवलंयस यात?"

"काही नाही."

"खरंच?"

"वाच की."

तिने पहिल्यापासून सगळे वाचले, साबणाचेही. चौथ्या कलमाच्या शेवटाशी फार वेळ थांबली. वकीलबाई म्हणाल्या, "ते रद्दच आहे, काट मारून टाकू."

"नको," धाकटी म्हणाली. "ते असू दे तसंच." आणि पेनासाठी हात पुढे केला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व मान्य केला. कलम ४ रद्द असले तरी खोडलेले नाही, ते साक्षीदार क्रमांक दोन हिच्या सांगण्यावरून.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार (सही)
२. लिहून ठेवणारीची धाकटी बहीण (सही). हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.