बारक्याच्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा लोकांचे खोटे दात बनवण्याचा, सध्याचा धंदा काही नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि अक्कलहुशारीने लिहितो. इथे ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे लिहायची पद्धत आहे. मला ते लिहवत नाही. शुक्रवारी सकाळी माझी छाती उघडणार आहेत आणि मला भीती वाटते. भीती दडपणात मोडते की नाही, हे वकिलांनी ठरवावे. अक्षर हलले आहे ते हातामुळे. बुद्धी जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा विचार आला की मी खिडकीत उभा राहून शाळेतल्या कविता म्हणत असे, आणि विचार कंटाळून निघून जाई.

कलम १. राहते घर, तीन खोल्या आणि मागची अरुंद कामाची खोली, माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी आधी उचलावी, मग डावीकडे सरकवावी, जोर करू नये. हे मी तिच्या आईला तीस वर्षे सांगितले आणि तिने तीस वर्षे जोरच केला. आता कडी तिच्या हाताच्या वळणाने वाकली आहे. ती बदलू नये. बँकेत जे आहे तेही लेकीचेच. भांडण व्हावे इतके ते नाही.

कलम २. पहिलीपासून सातवीपर्यंतची कवितांची पुस्तके, मी स्वतः पुठ्ठे बांधलेली, कोपऱ्यावरच्या शाळेला द्यावीत. बाई म्हणतील, अभ्यासक्रम बदलला. बदलू दे. बारीक काम करताना हात स्थिर राहावा म्हणून मी जन्मभर मनात कविता म्हणत आलो. भुजंगप्रयाताची एक ओळ संपेपर्यंत ब्रशचा एक फटकारा, असा माझा हिशेब. गेल्या महिन्यात तिसरी ओळच आठवेना. ब्रश हवेत थांबला, आणि छातीत पहिली कळ आली ती तेव्हा.

कलम ३. माझी सगळी हत्यारे, म्हणजे दात कोरायचे छोटे यंत्र, मेणाच्या सुऱ्या, चिमटे आणि दिव्याचे भिंग, माझ्या जुन्या जोडीदाराला द्यावीत. त्याला कवळ्यांच्या कारखान्यात आम्ही ‘मेणबत्ती’ म्हणत असू, कारण कोणी जरा आवाज चढवला की हा वितळायचा. मात्र एक गोष्ट कायद्याने नोंदवून ठेवतो. हेडमास्तरांची कवळी तोंडात बसेना, तो दोष माझा नव्हता. वरच्या कवळीत खालचे दात यानेच बसवले होते आणि मालकांसमोर माझ्याकडे बोट दाखवले होते. आता हत्यारे घे आणि कबूल कर. हत्यारे मिळणार असल्यामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही, याबद्दल तो रुसला आहे. रुसू दे.

कलम ४. आता मुख्य कलम. एवढ्यासाठीच हा कागद आहे.

मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात एक ओतीव धातूची खेळण्यातली गाडी आहे. दोन दारांची, बुटकी, शर्यतीच्या घाटाची. सध्या ती सुटी आहे. पोटाखालचे दोन रिबिट मी दात कोरायच्या यंत्राने पोखरले आणि सांगाडा वेगळा केला. रंग उतरवायच्या द्रावणात तो बरणीत बुडवला, तेव्हा लाल रंग फुगला आणि भाजलेल्या कातडीसारखा सुटून आला. साच्याची शिवण कानशीने घासली. पुढचे दिवे म्हणजे नुसते चंदेरी रंगाचे टेंगूळ होते. ते कोरून आत कवळीच्या पारदर्शक मसाल्याची भिंगे बसवली. धुराची नळी इंजेक्शनच्या सुईची आहे. आसनांना फितीचे पट्टे आहेत आणि त्यांना तारेची बक्कले. समोरच्या फळीवर तांदळाएवढी घड्याळे आहेत आणि त्यांत काटेही आहेत. वर राखाडी अस्तर झाले आहे, रंग बाकी आहे.

बघणारे म्हणत, आजोबा, काय छंद आहे. मीही छंदच म्हणत असे. छंद नव्हता.

ती गाडी माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची आहे. आम्ही त्याला बारक्या म्हणतो. सहा वर्षांचा असताना तो आजारातून उठला म्हणून मामाने त्याला ती आणली होती. मला आणली वही. मी दहा वर्षांचा होतो. आठव्या दिवशी मी गाडी माळ्यावर लपवली आणि बारक्याला सांगितले की तुझ्या खिशातून गटारात पडली असेल. वडिलांनी त्याला दोन दिवस काठी घेऊन गटार ढवळायला लावले. पाठीत रपाटेही घातले. तेव्हापासून घरात एकच पालुपद झाले: बारक्याकडे देऊ नका, हरवेल. लग्नाची पत्रिका पोचवायची असो की औषधाची चिठ्ठी, बारक्या सोडून कोणालाही. तो सत्तर वर्षांचा झाला तरी निघताना तीनदा खिसे चाचपतो. हे चाचपणे मी शिकवले.

मधून मधून मी डबा उघडत असे. छपरावरच्या लाल रंगात त्याच्या दुधाच्या दातांचे दोन व्रण होते. दातांत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला ते कोणाचे हे सांगावे लागत नाही. गाडी परत करावी तर तोंड काय दाखवावे, आणि टाकून द्यावी तर हात धजेना. गेल्या वर्षी बारक्याची आठवण फुटक्या माठासारखी गळू लागली. बायकोचे नाव निसटते, जेवल्याचे निसटते. उरले आहे ते एवढेच, की माझी लाल गाडी कुठे आहे. येईल जाईल त्याला विचारतो. भावजयीने मला हे सांगितले, त्याच संध्याकाळी मी बरणीत द्रावण ओतले. स्वतःला म्हटले, हुबेहूब खऱ्यासारखी करून देऊ, खूश होईल. चोरीची गाडी ओळखू येऊ नये म्हणून चोर आधी काय करतो, ते मला बरणीतले द्रावण लाल झाले तेव्हा कळले. दातांचे व्रण त्यातच गेले.

म्हणून असे ठरवतो, की मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो तर लेकीने गाडी जोडून बारक्याला द्यावी आणि वरचा मजकूर त्याला वाचून

इथवर मंगळवारी लिहिले आणि पेन ठेवले. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई साक्षीदार म्हणून आल्या होत्या. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “तुमचा भाऊ दोन गल्ल्या पलीकडेच राहतो ना? मग लेकीला कशाला पाठवता?”

बुधवारी गाडी जोडली. रिबिटांच्या जागी स्क्रू लावले. एक चाक तीनदा हातातून पडले. रंगाला वेळ नव्हता.

आज, गुरुवारी दुपारी, गेलो. जिन्यात दोनदा बसलो. खरे सांगायचे तर दमून एकदाच, दुसऱ्यांदा परत फिरावे म्हणून. भावजयीने दार उघडले, भाऊजी आले म्हणून आत सांगितले. बारक्या पलंगावर बसून खिसे चाचपत होता. माझ्याकडे पाहून त्याने पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला. मी गाडी त्याच्या हातात दिली. त्याने दिव्यांवरून बोट फिरवले, आत डोकावला.

“छान आहे हो. कोणाची?”

“तुझी.”

“नाही. माझी लाल आहे.” मग भावजय आत गेल्याचे पाहून तो माझ्याकडे वाकला. “तुम्हाला म्हणून सांगतो. ती मी हरवली. पण आमच्या दादाला बोलू नका.”

“का रे?”

“दोन दिवस माझ्याबरोबर गटारात उभा होता तो. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. रडला पण बिचारा.”

मी उभा होतो, हे खरे. रडलो हेही खरे. पकडले जाऊ या भीतीने रडलो होतो, आणि चौसष्ट वर्षे त्याने ते माझ्या प्रेमाच्या खात्यात जपून ठेवले. बाकी सगळे गळाले, ते राहिले.

मी सांगितले. बसून, त्याचा हात धरून. गाडी तू हरवली नाहीस, दादाने चोरली. मीच दादा. तो हसला.

“छे. आमचा दादा तसा नाही.”

आणि दोन मिनिटांनी त्याने मला विचारले, माझी लाल गाडी पाहिलीत का?

सबब कलम ४ चा अपुरा भाग रद्द करून त्या जागी पुढील मजकूर घालतो. गाडी त्याच्याकडेच राहावी. तिला कोणीही लाल रंग देऊ नये, त्याची आणखी एक फसवणूक नको. तो गाडीबद्दल विचारेल तितक्या वेळा त्याला हे कलम वाचून दाखवावे. ‘तू हरवली नाहीस’ हे वाक्य आधी, हळू आणि मोठ्याने वाचावे. तो म्हणेल, दादा तसा नाही. तिथे कोणी माझी बाजू घेऊ नये, आणि त्याला पटवायचीही घाई करू नये. पुढच्या वेळी पुन्हा वाचावे.

मी जगून परतलो, तर हे काम माझे. रोज त्याच्यासमोर बसून रोज पहिल्यांदाच सांगायचे. कागदावर लिहून टाकतो: शुक्रवारची भीती आता कमी आहे, शनिवारची जास्त.

स्थळ: माझ्या घरची मागची खोली
दिनांक: गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी सहा

सही (हात हलतो म्हणून शेजारी अंगठाही)

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली व ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:

१. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई — सही
२. आमचे नेहमीचे डॉक्टर — सही. (डॉक्टरांचा शेरा: लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी जलद.)