त्याला नाव हाय की

कोल्हापूर
११ एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

वाकून नमस्कार. लांबून केला तरी पायापर्यंत पोचतो, असं तूच म्हणायचीस. कुरुंदवाडला ऊन फार असेल. तुझा गुडघा कसा आहे? दाजींना पथ्य सांभाळायला सांग.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर मी मध्येच गप्प होते आणि तू विचारतेस, ‘मोना, हैस न्हवं?’ कागदावर थांबलं तर कुणाला कळत नाही.

काम असं आहे. इथले काही प्राध्यापक पंचगंगेच्या काठाची सगळी माहिती एका ठिकाणी जमवताहेत. माती, पाणी, पक्षी, झाडं. इंटरनेटवर ती सगळ्यांना खुली राहणार. काठ पुन्हा पूर्वीसारखा करायचा, तर पूर्वी तिथे काय होतं ते कळायला हवं ना. आमच्या कॉलनीतली निशा कांबळे त्यात आहे, वनस्पतिशास्त्र शिकवते. जुन्या माणसांच्या आठवणीही ती नोंदवते. मी तिला आपलं झाड सांगितलं. मळ्याखाली पाण्यावर ओणवं झालेलं, पानांची मागची बाजू पांढुरकी. त्याचा कापूस उडून आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटायचा. तिनं नाव विचारलं. मी म्हणाले, विलो.

शाळेच्या सहलीत सिस्टर ॲग्नेसनी हेच नाव सांगितलं होतं. संगणकाने ते परदेशी झाडांत टाकलं. येत्या पावसाळ्यात त्या काठावर रोपं लावायची आहेत आणि त्यात परदेशी झाड चालत नाही. म्हणजे आपलं झाड गळणार.

निशाच्या मनात एक देशी नाव आहे, पण ती ते मला सांगत नाही. म्हणते, ‘मी सांगितलं की तुम्ही हो म्हणाल, काकू. ते झाड पाहिलेलं आणखी कुणी असेल तर त्यांना विचारा.’ तुझ्याशिवाय आता कोण आहे?

सहलीहून आल्यावर मी ते नाव घरभर मिरवलं होतं. तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘मडमेला काय ठावं? त्याला नाव हाय की.’ आणि नाव सांगितलंस. तुझा आवाज ऐकू येतो, राखेचा वास येतो, पुढचा शब्द येत नाही. सिस्टरांनी शिकवलेल्या कविता अजून धडाधड येतात. आपलंच नेमकं कुठे जातं?

निशा म्हणते, झाड पुलाच्या अलीकडे होतं असं मी आधी सांगितलं आणि नंतर पलीकडे. मला दोन्ही खरं वाटतं. डोळे मिटले की ते दोन्हीकडे दिसतं. माझ्या नोंदीपुढे आता ‘अनिश्चित’ लिहिलंय. कुणीही उघडून वाचावं असं, माझ्या नावासकट. तिची काही चूक नाही.

तुझ्या गुडघ्याचं विचारायचं राहिलंच. कसा आहे?

तुझा भाचा पृथ्वीराज मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. सहजच. त्यांनी काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मी त्यांच्याशी शाळेतल्या इंग्रजीत पुष्कळ गप्पा मारल्या, तेही हसले. शब्द मात्र त्यांना मिळाले नाहीत. हल्ली गॅस बंद आहे का ते तोच बघतो.

आक्का, झाडाचं नाव लिहून पाठव, मोठ्या अक्षरात. पुलाच्या कुठल्या बाजूला होतं तेही. खाली तुझं पूर्ण नाव घाल, निशाला ते लागतं. माझं चुकलं असेल तर तसंही लिही, पण लवकर लिही. ते झाड होतं, एवढं तरी कळू दे. ते होतं तर मीही तिथे होते.

तुझं पत्र आल्यावर मी फोन करून ‘कुठलं झाड?’ असं विचारलं, तर रागावू नकोस. पुन्हा म्हण, त्याला नाव हाय की.

आणि फोनवर तू जे विचारतेस, त्याचं उत्तर आज इथे लिहून ठेवते.

आहे, आक्का.

तुझी
मोना