दिपमालानं बसवलेली फरशी

मेहरूण, जळगाव
१४ मे २०२५

विहीणबाई कमलबाई यांना लताबाईचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळी माणसं धडधाकट आहेत. माझा फोन तुमच्याकडे नुसता वाजून थांबतो, म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. ऊन असं पडलंय की दुपारी नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकली तरी चालेल. तुमच्याकडे देवपुरातही काही वेगळं नसणार. तुमच्या अभिमनची तब्येत बरी ना? त्याला उन्हात डोकं दुखायची सवय आहे, असं दिपमाला सांगत होती.

तर बातमी अशी की आमच्या बैठकीच्या खोलीला नवी फरशी बसली. जुनी शहाबादी जागोजागी खचली होती. माझा अंगठा रोज तिथेच ठेचकाळायचा आणि आमच्या ह्यांच्या खाटेचा एक पाय कायम अधांतरी. मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत राहिला, तेव्हा दिपमालानं काम स्वतःच हातात घेतलं. हो, तुमच्याच लेकीनं. तुमच्या जावयानं, ललितनं, पाइपच्या कंपनीतली पाळी सांभाळून गोण्या तेवढ्या उचलून दिल्या. बाकी सगळं तिचं. ललित सांगतो, तुम्ही म्हणायच्या, या पोरीला काडीचं काम येत नाही. बाई, एकदा येऊन बघाच.

मोबाइलवर बघून बघून ती शिकली. जुनी फरशी उखडली, खालचा थर सिमेंटनं सारखा केला, त्यावर पाणी मारत राहिली. आमचे हे दाराबाहेर हलवलेल्या खाटेवरून उंटावरच्या शहाण्यासारखे सल्ले देत होते. "बठ्ठं घर खोदी टाकं या पोरीनी!" अख्खं घर खोदलं म्हणून कुरकुरायचे आणि पाण्याची बादली मात्र गुपचूप भरून ठेवायचे. मला ते दिसत होतं.

नव्या फरश्या आल्या तेव्हा मला वाटलं, आता लावायला घेईल. कुठलं काय! तिनं सगळ्या कोरड्याच खोलीभर मांडल्या. उचलल्या, फिरवल्या, दारात जाऊन बघितल्या, परत मांडल्या. मी वैतागले. म्हटलं, अगं पोरी, हा काय पत्त्यांचा डाव आहे का? तर ती वर न बघता म्हणाली, "मनी माय गोधडी शिवाना पहिले बठ्ठा तुकडा आथरीसन देखे. एकदा टाका पडला की उसवायला जिवावर येतं म्हणे."

विहीणबाई, या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली. आईचं, म्हणजे तुमचं नाव तिनं त्या दिवशी पहिल्यांदा काढलं. आणि तिच्या लक्षातही आलं नाही की तिनं ते काढलं.

आता माझा पराक्रम सांगते, हसा खुशाल. पहिली फरशी बसली. मी म्हटलं, पहिल्या फरशीची पूजा नको का? घर म्हणजे काय धर्मशाळा आहे? हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि नारळ घेऊन त्या फरशीवरच आपटला. दणकून! नारळ जसाच्या तसा आणि फरशीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खालचा सिमेंटचा मसाला ओला, पोरीची सकाळभराची मेहनत, आणि मी नारळ धरून उभी.

दिपमालानं माझ्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि अशी हसत सुटली की तिथेच मटकन बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आमचे हे सुद्धा खाटेवर उठून बसले. मग तिनं ती फुटकी फरशी अलगद उचलली, मसाला खरवडला, दुसरी बसवली आणि मला म्हणाली, "आई, आता नारळ उंबऱ्यावर फोडा. तो दगडाचा शे." आखाजीच्या सणानंतर या घरात पहिल्यांदा कुणी असं हसलं.

पुढचं काम तिनं कसं केलं, हे मला लिहून सांगता येणार नाही. गुडघ्याखाली उशी घेऊन, पदर खोचून, रबरी हातोडीनं ठोकत, दोन फरश्यांच्या मधे प्लास्टिकच्या बारीक फुल्या ठेवत ती मागे मागे सरकत होती. कटरनं कोपऱ्याचा तुकडा कापताना जीभ ओठांत धरायची. ही खोड तुमची की तिच्या वडलांची? शेजारचे कौतिकभाऊ आयुष्यभर बांधकामावर राबलेला माणूस. त्यांनी येऊन बोटाच्या पेरानं फरशी न् फरशी वाजवली. कुठेच पोकळ आवाज नाही. "हाई काम शिकाऊनं नाही वाटत," असं म्हणाले, आणि त्या माणसाच्या तोंडून कौतुक म्हणजे वैशाखात गारा. काय सांगू, मला अभिमानानं भरून आलं. माझ्या पोटच्या पोराबद्दलही इतकं कधी वाटलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं खरं लिहिलं, फक्त एक सोडून. मिस्त्र्याला आम्ही कुणी बोलावलंच नव्हतं.

तुमच्याकडच्या कुण्या काकूनं दिपमालाला फोनवर सांगितलं होतं, की यंदा आखाजीला अभिमनला तिला न्यायला मुऱ्हाळी म्हणून पाठवायचं तुमच्या मनात आहे. काकूनं आपल्या मनचं सांगितलं की तुम्ही खरंच बोलला होतात, मला ठाऊक नाही. पण अक्षय तृतीयेला, आखाजीच्या सकाळी ती न्हाऊन, हिरव्या बांगड्या भरून तयार झाली. बॅग भरून दाराशी ठेवली. गल्लीतल्या एकेका सुनेला न्यायला भाऊ येत होते, हाक मारत होते. आमच्या दारासमोर गाडी थांबली की ही उठायची. संध्याकाळी मी म्हटलं, जेवून घे. ती म्हणाली, "आई, उन्हात निघायचं नाही म्हणून उशीर झाला असेल."

दुसऱ्या दिवशी तिनं बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या, माझा जुना गाऊन अंगात चढवला, हातोडा घेतला आणि जिथे ती बॅग ठेवली होती तिथलीच फरशी पहिली फोडली. मी अडवलं नाही. कुणा माणसावर राग काढण्यापेक्षा दगडावर काढलेला बरा.

तुमचा राग मला कळतो. तिनं तुमचं मन मोडून लग्न केलं, आमची जात वेगळी. त्या रागावर मी काही बोलत नाही. पण ती बॅग मी बघितली आहे, तुम्ही बघितली नाही.

म्हणून येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी देवपुरात येते. माहेरचा मुऱ्हाळी सासरी येतो ही आपली रीत. इथे सासरचीच माहेरी येतेय, लोक हसले तर हसू देत. मी तुम्हाला न्यायला येतेय. दिपमालाला सांगितलंय. ऐकून तिनं अंगणात जाऊन धुतलेली पायरी परत धुतली.

तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. घरी येऊन तिला सांगेन, देवपूरच्या घराला कुलूप होतं, सगळे बाहेरगावी गेले होते. ती माझं ऐकेल. तेव्हा विहीणबाई, मला तिच्याशी खोटं बोलायला लावू नका.

रविवारी दार उघडायला तुम्हीच या.

तुमची विहीण, आणि यंदाची मुऱ्हाळीण,
लताबाई